वहिवाट

पावसाळा लागला की बाबा पेपरात आधी तलावांची पातळी शोधायचे. आमच्या घरी येणाऱ्या नाशिक आवृत्तीत गंगापूर असायचं, दारणा असायचं. त्यांना हवं असलेलं धरण मात्र मुंबईच्या आवृत्तीत छापून यायचं, कारण ते इगतपुरी तालुक्यात असलं तरी पाणी मुंबई पिते. मग सातपूरच्या कारखान्यातून सुटले की ते सीबीएस बसस्थानकावरच्या स्टॉलवर जाऊन मुंबईचा पेपर घ्यायचे आणि तिथेच, सायकलला टेकून, आतल्या पानावरचा तो छोटा तक्ता काढायचे. मोडकसागर, तानसा, भातसा, विहार, तुळशी यांच्यावरून बोट सरकत वैतरणेवर येऊन थांबायचं.

मुंबईकर तो तक्ता पाणीकपात लागणार की उठणार हे बघायला वाचतो. बाबा वाचायचे ते आमच्या वस्तीची वाट बुडाली का, हे कळावं म्हणून. धरण काठोकाठ भरलं की पातळी ६०३.५१ मीटर होते. पाणी त्याच्या चार-पाच मीटर खाली असेपर्यंत घोटीकडून आलेला माणूस चालत आमच्या घरी पोचतो. त्याच्या वर चढलं की होडी. ज्या दिवशी आकडा तिथं जायचा, त्या दिवशी बाबा घरी आल्यावर चपला काढता काढता आईला म्हणायचे, "वाट गेली." बहुतेक तो दिवस आषाढातला असायचा. त्यानंतर फाल्गुन सरेपर्यंत आमचं गाव बेट.

वस्तीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की नकाशात शोधून लोक येतात, आणि गेल्या दोन वर्षांत आले तेवढे पुरे झाले.

त्र्यंबकच्या डोंगरांत दोन नद्या अगदी शेजारी-शेजारी निघतात. गोदावरी पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेकडे उतरते ती अरबी समुद्राकडे. नाशिकमध्ये वाढलेल्या मला गोदावरी घाटावरची, देवळांची, कुंभमेळ्याची म्हणून माहीत. वैतरणा मात्र घरातली. आजीच्या बोलण्यात ती 'नदी' नव्हतीच, 'आपलं खालचं पाणी' होतं. १९७३ साली वरच्या वैतरणेचं धरण पुरं झालं आणि ते खालचं पाणी चढत चढत भाताच्या खाचरांवरून, विहिरीवरून, मारुतीच्या पारावरून वर आलं. सपाटीवरचं गाव गेलं. टेकाडावर ज्यांची वरकस रानं होती ते टेकाडावर सरकले. आमचे आजोबा त्यांतले. आज तिथं बावीस उंबरे आहेत.

पाणी आमच्या उंबऱ्याखाली शे-दीडशे पावलांवर थांबलं, कारण संपादनाची रेषा तिथं होती. रेषेखालची जमीन सरकारनं घेतली, मोबदला दिला. त्यातून आजोबांनी एक बैलजोडी घेतली आणि उरलेल्या पैशांत आत्याचं लग्न केलं. रेषेवरची जमीन आमची राहिली. त्यामुळे कागदोपत्री घर वाचलं, वरचं रान वाचलं, आणि आम्ही संपूर्ण बाधितही ठरलो नाही. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण भरल्यावर तीन वर्षांनी. ज्यांचं सगळं बुडालं त्यांना धरणग्रस्त म्हणतात. ज्यांची नुसती वाट बुडाली त्यांना काय म्हणायचं, हे मी अजून कुठल्या कागदावर वाचलेलं नाही.

लहानपणी दिवाळीला आम्ही जायचो तो प्रवास मला वासांनी आठवतो. नाशिकहून एसटीनं घोटी. घोटीत उतरलं की भाताच्या गिरण्यांचा, गरम कोंड्याचा वास. तिथून जीप, जीपमध्ये सुक्या मासळीची टोपली आणि कुणाच्या तरी कोंबड्या. जीप सोडली की गवतातून पायवाट, आणि मग एकदम समोर पाणी. बाबा काठावरच्या दगडावर उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी द्यायचे. पलीकडून लगेच काही यायचं नाही. आम्ही बसून राहायचो. मग कधीतरी टेकाडावर एक माणूस दिसायचा, उतरायचा, होडीचा दोर सोडायचा, आणि पाण्यावर वल्ह्याचा आवाज यायला लागायचा. ते नाना असायचे, बाबांचे धाकटे भाऊ.

होडीत बसायचे नियम होते. जड माणूस मधे, पोरं त्याच्या पायाशी, सामान दोन्ही बाजूंना सारखं, आणि एकदा बसल्यावर कुणी उठायचं नाही. आजी होडीत पाय ठेवायच्या आधी ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावायची. एकदा मी विचारलं, तू देवाला नमस्कार करतेस का? ती म्हणाली, "आपलंच रान हाय गं खाली. त्याच्यावरनं जायाचं तर विचारून जावं."

पुढे मी मोठी झाले, नोकरीला लागले, तेव्हा या येण्याजाण्याची दुसरी बाजू कळली. सिमेंटची गोणी पन्नास किलोची. नानांच्या होडीत माणूस धरून चार गोण्या बसतात. घरकुल मंजूर झालेल्या माणसाला रक्कम तीच मिळते, जी सडकेवरच्या गावात मिळते. वाळू होडीनं आणायची तर घर जोत्यावरच संपतं. त्यामुळे वस्तीत सगळं जड काम उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात. पत्रे, लोखंड, कौलं, खताच्या गोण्या, शिलाई मशीन, कपाट हे सगळं वाट उघडल्यावर. लग्नंही तेव्हाच. नवीन बैल घेतला आणि वाट बुडालेली असली, तर त्याला कासरा लावून होडीच्या मागे पोहत आणतात. नुसतं डोकं पाण्यावर, डोळे मोठे झालेले. एक जण होडीच्या टोकाला पालथा झोपून त्याची शिंगं धरून त्याच्याशी बोलत राहतो. ते बोलणं मी एकदाच ऐकलं. लेकराला झोपवताना बोलतात तसं होतं.

दुखणं आलं तर मात्र वाट उघडायची कोण थांबेल? नानांच्या सुनेला श्रावणात कळा लागल्या. वारा एवढा होता की होडी दोनदा परत फिरली. तिसऱ्या खेपेला ती पलीकडे पोचली आणि काठावरच, ताडपत्रीखाली, मुलगी झाली. ती आता नववीत आहे. तिला पोहता येतं, वल्हं मारता येतं, आणि शाळेला जाताना ती दप्तर प्लास्टिकच्या गोणपाटात बांधून थर्माकोलच्या तराफ्यावर ठेवते. थर्माकोलचे तुकडे जुन्या जाळ्यात आवळून केलेला तो तराफा मासे धरणाऱ्यांचा. त्यावर बसायचं नसतं, पोटावर आडवं व्हायचं असतं. मी तिला कितीदा सांगितलं की होडीनं जा. ती म्हणते, आत्या, होडी रानात गेलेल्या माणसांची वाट बघते, शाळा बघत नाही.

२०२४ साली दोन निवडणुका झाल्या. लोकसभेचं मतदान २० मेला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. मेमध्ये वस्ती चालत जाऊन मत देऊन आली. नोव्हेंबरमध्ये होडीच्या सकाळपासून फेऱ्या.

चैत्रात पाणी उतरू लागतं. रोज काठाची एक ओली रेघ मागे टाकत ते खाली जातं, आणि एका सकाळी वळणावरच्या दोन मैलाच्या दगडांपैकी एकाचं डोकं वर दिसतं. मग जुना रस्ता हळूहळू बाहेर येतो. पन्नास वर्षं पाण्यात राहूनही त्याची खडी शाबूत आहे. आणखी पाणी उतरलं की चिंचेचा बुंधा, विहिरीचं कडं, काही घरांची जोती. आजी तिथं नेऊन दाखवायची: ही आपली पडवी, हे गोठ्याचं दावं. चिखलात बोट रुतवून दाखवायची. उघडी पडलेली ती जमीन आता सरकारची. तिला गाळपेर म्हणतात आणि पाटबंधारे खातं ती वर्षापुरती कसायला देतं. ज्यांची जमीन गेली त्यांचा तिच्यावर पहिला मान. नाना आपल्याच बापाच्या खाचरात अर्ज करून, पैसे भरून, दोन महिन्यांचं काहीतरी पिकवतात. यंदा काकडी होती. इतकी गोड काकडी मी बाजारात खाल्लेली नाही.

बाबा २०२३ च्या हिवाळ्यात गेले. वारस नोंदीचं काम माझ्याकडे आलं, कारण भाऊ पुण्यात आणि मी नाशिकला. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला, मृत्यूचा दाखला जोडला, नोटीस निघाली, मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला तेव्हा त्यावर पहिल्यांदा माझं नाव दिसलं. बाबांच्या नावाला कंस पडला होता आणि खाली आई, मी, भाऊ. वर नाना. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसले. गट क्रमांक होता, हेक्टर-आर होतं, पोटखराबा होता, आकार होता. भात, नागली, वरई, खुरासणी होती. 'इतर हक्क' हा रकाना रिकामा होता; आमच्या वाटेचा उल्लेख कुठेच नव्हता.

या रिकाम्या रकान्यानं मला पुढं वर्षभर फिरवलं. शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे. मी विचारलं, बांधच पाण्याखाली असेल तर? कचेरीतल्या समोरच्या माणसानं माझा नकाशा दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला आणि खऱ्या काळजीनं म्हणाला, "मॅडम, अडवणारा कोण, त्याचं नाव लिहावं लागतं." मी पाण्याचं नाव कसं लिहिणार? घराचंही तसंच. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या. आमचं गावठाण तळाशी. वरची घरं शेतात बांधलेली, म्हणून त्यांना पत्रिका नाही.

त्याच दिवसांत जमिनीचे व्यवहार करणारा एक माणूस भावाला पुण्यात जाऊन भेटला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा होऊ घातला होता (पुढे ५ जून २०२५ला तो खुला झाला) आणि मुंबईच्या लोकांना धरणकाठी जागा हव्या होत्या. वैतरणा, मुकणे, भावली या पाण्यांच्या कडेनं कुंपणं पडायला लागली होतीच. आमच्या वस्तीत ठाकरांच्या आणि महादेव कोळ्यांच्या जमिनी आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या बिगरआदिवासीला जात नाहीत. "तुमचा एकच गट मोकळा आहे," तो भावाला म्हणाला. मला फोनवर म्हणाला, "ताई, आयलंड आहे हे. कुंपणाचासुद्धा खर्च नाही."

त्यानं सांगितलेला गुंठ्याचा भाव ऐकून मी गप्प झाले. भावाच्या मुलीचं इंजिनिअरिंग, त्याच्या फ्लॅटचं कर्ज, हे मला माहीत आहे. तो लोभी नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, तिथं राहायला कोण जाणार आहे? तू? मी?" मला उत्तर आलं नाही. ती जमीन आपली कशी, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. मी तिथं कधी आवणी केली नाही, राब भाजला नाही. वर्षातून चार दिवस पाहुणी म्हणून जायचे, आणि येताना पिशवीभर तांदूळ घेऊन यायचे.

दिवाळीच्या तोंडाला, वाघबारशीला मी नानांना विचारायला गेले. होडी लागली ती नेहमीच्या जागी. ती जागा मी शंभरदा पाहिली असेल, पण सातबारा हातात घेऊन पहिल्यांदाच पाहिली. टेकाड तिन्ही बाजूंनी उभं, कातळाचं. उतार असा एकच आणि तो आमच्या गटात. रेषेच्या वर पहिलं पाऊल पडतं ते आमच्या बांधावर. बावीस घरांची माणसं, गुरं, शाळेची पोरं, आजारी माणसाची डोली, सगळं आमच्या रानातून वर जातं. उन्हाळ्यात जुना रस्ताही तिथंच येऊन मिळतो. त्या माणसाला आमचाच गट का हवा होता ते मला होडीतून उतरताना कळलं.

संध्याकाळी गुराख्यांनी वाघोबाला नैवेद्य दाखवला. घरी नानीनं उडदाचं घुटं आणि नागलीची भाकरी वाढली. मी मान खाली घालून भाव सांगितला, भावाचं म्हणणं सांगितलं. नाना रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचा हिस्सा हाय. तुमी काय ते ठरवा." आणि जेवत राहिले. नानीच म्हणाली, "तिला वही दाखवा की."

देवळीतून त्यांनी एक वही काढली. शाळेची, शंभर पानी, पुठ्ठा दोऱ्यानं शिवलेला. दर वर्षी वाट वर आली की तिच्यावर गाळाचा थर असतो, कडेचे दगड सरकलेले असतात. अक्षय तृतीयेच्या आधी एक दिवस ठरवून घरटी एक माणूस उतरतो, गाळ ओढतो, भरावाला दगड लावतो. सावडीचं काम, पैशांचा संबंध नाही. कोण आलं, कोण नाही, याची ती वही. ही १९९१ पासूनची. आधीच्या वाळवीनं खाल्ल्या. प्रत्येक पानावर घरांची नावं आणि पुढे फुली. मी बाबांचं नाव शोधलं. दर वर्षी होतं. दर वर्षी पुढे फुली होती.

"बाबा तर येत नव्हते," मी म्हटलं. "त्यांना एप्रिलमध्ये सुट्टीच नसायची."

नाना भाकरीचा तुकडा मोडत राहिले. नानी म्हणाली, "हे दोन दिस जात्यात. सगळ्यांसंगं एक दिस आपला. मंग दुसऱ्या दिशी एकलेच, तो तुज्या बाबांचा."

मी हिशोब केला. त्या वहीतलेच चौतीस दिवस. खरं तर १९७४ पासूनचे. नाना आता अडुसष्ट वर्षांचे आहेत.

"कशाला पण?" मला एवढंच विचारता आलं.

"घर गळलं तर वहिवाट गळती," ते म्हणाले. "दादा उद्या माघारी आला आसता तर कुठनं आला आसता?"

रात्री मी वहीच्या पानांचे फोटो काढले आणि रेंजसाठी जांभळाखाली जाऊन भावाला पाठवले. खाली काही लिहिलं नाही. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. साडेअकराला त्याचा फोन आला. आवाज बसला होता. त्यानं विचारलं, "वाटेचा दिवस यंदा कुठल्या तारखेला धरणार आहेत?"

२०२५ साली अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. आम्ही चार दिवस आधी गेलो. बरं झालं लवकर धरला, कारण मे महिन्यातच पाऊस आला आणि २६ तारखेला तर मान्सून मुंबईत पोचला होता. पहाटे सगळे खाली उतरले. गाळ वरून वाळून भेगाळलेला होता, पण फावडं घातलं की आतून काळा, लोण्यासारखा, माशांचा वास येणारा. भाऊ घमेली भरत होता, मी वाहत होते. तासाभरात त्याच्या हाताला फोड आले. नानांच्या नातीनं त्याला चिंधी बांधून दिली. मला एका म्हातारीनं घमेलं डोक्यावर घ्यायचं कसं ते दाखवलं. मी ते कमरेवर धरत होते म्हणून पाठ भरून येत होती. कुणी आमचं विशेष कौतुक केलं नाही, आणि ते मला फार बरं वाटलं. प्रत्येक घराला वाटेचा एक तुकडा वाटून दिलेला असतो. बाबांचा तुकडा उतार संपतो तिथला, सगळ्यात दलदलीचा. तो नानांनीच मागून घेतला होता, की वाटणीत आला होता, हे मी विचारलं नाही. आम्ही त्यात जुन्या जोत्याचे दगड आणून बसवले. एक दगड असा होता, ज्याला दावं बांधायचं भोक होतं. तो भावानं हातात धरून ठेवला, मग सगळ्यात खाली, मऊ जागेत, नीट बसवला.

दुपारी नानांनी वही आणली. बाबांच्या नावापुढे फुली मारायला पेन माझ्या हातात दिलं. हात चिखलाचे होते, पानाला डाग पडला.

त्या माणसाला भावानं नाही म्हणून कळवलं आहे. पुढच्या वर्षी कुणी दुसरा येईल, फीची वेळ येईल, आम्ही पुन्हा बोलू. रस्त्याच्या नोंदीसाठी मी नवा अर्ज केला आहे. सरकारनं २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचं ठरवलं आहे, आणि आमच्या गटातून जाणारी वाट बावीस घरांची आहे असं आम्ही खातेदारांनी स्वतःच लिहून दिलं आहे. नाना, नानी, आई, मी, भाऊ, सगळ्यांच्या सह्या आहेत.

वाटेच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरून पहिलं वाहन आलं. कोपऱ्यातल्या ठाकराच्या घरी लग्न होतं आणि मांडवाचे पत्रे, भांडी, तांदळाच्या गोण्या भरून ट्रॅक्टर येत होता. सगळे काठावर उभे राहून बघत होते. दलदलीपाशी ड्रायव्हरनं वेग कमी केला, खाली वाकून पाहिलं आणि गिअर टाकला. ट्रॉली डुलली. भावानं माझा दंड धरला होता. मागची चाकं आमच्या दगडांवर आली, खालून पाणी पिळून निघालं, दगड थोडे दबले. ट्रॅक्टर वर चढला.